फुकटाचें जहाज

धर्माच्या गाईचे दांत मोजूं नयेत, अशा अर्थाची म्हण आमच्या लोकांत फार दिवसांची आहे. ही म्हण ज्यानें प्रथम काढिली तो दान घेणारा असला पाहिजे. पेढीवर बसणारा खास नसावा. कारण दांत गेलेली गाय गोठ्यांत आली म्हणजे वैरण मागते, गुराख्याची मजुरी मागते, आणि दूध मात्र देत नाहीं, हें ज्यास रोज सायंकाळीं खतावणी मिळवावी लागते त्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. परंतु जी गोष्ट घरच्या व्यवहारांत सामान्य दुकानदारास कळते, तीच राष्ट्राच्या व्यवहारांत मोठमोठ्या मुत्सद्द्यांच्या दृष्टीआड होते, असा अनुभव आहे. एका राष्ट्राच्या आरमारांतील लढाऊ जहाजें दुसऱ्या राष्ट्राच्या आरमाराकडे जातात, या विषयावर आज आम्ही चार शब्द लिहीत आहों तें याच कारणामुळें.

असल्या हस्तांतराचा समारंभ पाहण्यासारखा असतो. जुनें निशाण उतरतें, नवें चढतें, वाद्यें वाजतात, नारळ फुटतो, जहाजावर दुसऱ्या भाषेंतलें नांव रंगविलें जातें, आणि दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत त्याचें चित्र येतें. लोक समजतात, व्यवहार पुरा झाला. खरें पाहतां व्यवहार त्या दिवशीं सुरू होतो. लढाऊ जहाज हें तांब्याचें घंगाळ नव्हे कीं, तोलून घेतलें, पैसे मोजले आणि घरीं आणून ठेविलें. त्याच्या पोटांत शेंकडों यंत्रें असतात. त्या यंत्रांचे सुटे भाग एका विशिष्ट देशांतल्या विशिष्ट कारखान्यांतच होतात. त्यांचे नकाशे दुसऱ्याच्या कपाटांत असतात. आणि तीं दुरुस्त करण्याची विद्या दुसऱ्याच्या माणसांच्या हातांत असते. म्हणून जहाज ज्याच्याकडून घेतलें त्याच्याशीं घेणाऱ्याचें वीस-पंचवीस वर्षांचें नातें जडतें. हें नातें मित्राचें असेल, सावकाराचें असेल, किंवा मालकाचेंही असेल. तें कोणत्या प्रकारचें व्हावयाचें, हें निशाण चढण्याच्या दिवशीं ठरत नाहीं. करारनामा लिहिला जातो त्या दिवशीं ठरतें.

आमच्या व्यापारी बंधूंस परिचित अशा शब्दांत सांगावयाचें तर हीं हस्तांतरें चार कागदांनीं होतात: खरेदीखत, भाडेपट्टा, बक्षीसपत्र आणि वाटणीपत्र. पांचवा प्रकार जबरदस्तीचा. त्यास कागद लागत नाहीं. हिंदुस्थानच्या आरमारानें चारही कागद अनुभविले आहेत. परंतु त्यांचा विचार करण्यापूर्वीं पांचव्या प्रकाराचें एक उदाहरण पाहणें बोधप्रद होईल.

पहिल्या महायुद्धापूर्वीं तुर्की साम्राज्यानें इंग्लंडांतील गोद्यांकडून दोन मोठीं लढाऊ जहाजें घेण्याचा करार केला होता. एकाचें नांव ‘सुलतान उस्मान’ आणि दुसऱ्याचें ‘रेशादिये’. या जहाजांसाठीं तुर्की लोकांकडून वर्गण्या गोळा झाल्या. पैसे पोंचले, जहाजें ताब्यांत घेण्यासाठीं तुर्की खलाशी इंग्लंडास जाऊन थांबले. आणि ऑगस्ट १९१४ च्या आरंभीं, युरोपांत वणवा पेटतांच, इंग्रज सरकारनें दोन्ही जहाजें आपल्या आरमारांत ओढून घेतलीं. तुर्कांचा संताप अनावर झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत ‘गोबेन’ व ‘ब्रेस्लाउ’ हीं दोन जर्मन जहाजें इंग्रजांचा पाठलाग चुकवीत दार्दानेल्सच्या सामुद्रधुनींत शिरलीं, आणि तीं तुर्कस्तानास विकल्याचें जाहीर झालें. नांवें बदललीं, निशाणें बदललीं, जर्मन खलाशांनीं डोक्यावर तुर्की टोप्या चढविल्या. पण सुकाणूवरचा हात जर्मनच राहिला. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस तुर्की आरमार जर्मन सेनापतीच्या हुकुमानें काळ्या समुद्रांत उतरलें, रशियाच्या बंदरांवर तोफा डागल्या गेल्या, आणि तुर्कस्तान त्या महायुद्धांत ओढला गेला. त्या युद्धाच्या अखेरीस सहा शतकांचें साम्राज्य मोडून पडलें. जहाजें तुर्कांचीं झालीं नाहींत. तुर्कच जहाजांचे झाले. दोन जहाजांसाठीं पैसे देऊन बसलेल्या राष्ट्रास तीं मिळालीं नाहींत, आणि जीं दोन आयतीं मिळालीं त्यांची किंमत शेवटीं सर्वांत अधिक पडली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आयत्या जहाजाची किंमत नेहमीं नाण्यांतच मोजली जाते असेंही नाहीं. सप्टेंबर १९४० मध्यें अमेरिकेनें इंग्लंडास पन्नास जुन्या विनाशिका दिल्या. रोकड मागितली नाहीं. त्याऐवजीं न्यूफाउंडलंडपासून त्रिनिदादपर्यंत ठिकठिकाणीं नाविक व वैमानिक तळांच्या जागा ९९ वर्षांच्या पट्ट्यानें घेतल्या. इंग्लंडास त्या वेळीं जहाजांची निकड होती, म्हणून हा सौदा वेडेपणाचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. पण ज्या आरमाराचा साऱ्या जगावर दरारा होता, त्यानें दुसऱ्याच्या बंदरांत बाजूस काढून ठेविलेल्या नौकांसाठीं आपल्या जमिनी लिहून द्याव्या, ही गोष्ट अडलेल्या गिऱ्हाइकाची स्थिति काय होते तें दाखविते.

आतां आपल्या घरीं येऊं. १९४७ सालीं देशाबरोबर आरमाराचीही वाटणी झाली. स्लूप जातीच्या नौकांपैकीं ‘सतलज’, ‘जमना’, ‘कृष्णा’ व ‘कावेरी’ या नांवांच्या चार हिंदुस्थानकडे राहिल्या, आणि ‘नर्मदा’ व ‘गोदावरी’ या दोन पाकिस्तानकडे गेल्या. ज्या गोदेचा उगम आमच्या त्र्यंबकेश्वरीं होतो, तिच्या नांवाची नौका कराचीस गेली आणि तेथें तिचें नांव ‘सिंध’ झालें. ‘नर्मदे’चें ‘झेलम’ झालें. परंतु या वाटणीपत्रांतील महत्त्वाची ओळ जहाजांच्या यादींत नव्हती. आरमाराच्या शिक्षणशाळांपैकीं कांहीं मुख्य शाळा कराचीस होत्या, आणि मोठी गोदी मुंबईस होती. गोदी मुंबईंतून हलवितां येत नव्हती आणि शाळा कराचींतून. एकाच्या वाट्यास जहाजें व गोदी अधिक आली. दुसऱ्याच्या वाट्यास शाळा आल्या. आम्हांस पुढें कोचीन व इतर ठिकाणीं शाळांची नव्यानें उभारणी करावी लागली. जहाज एका सहीनें इकडचें तिकडे होतें, विद्या होत नाहीं, हा धडा स्वतंत्र हिंदुस्थानच्या आरमारास जन्मतःच मिळाला.

तो धडा आम्ही कितपत शिकलों, हें नंतरच्या खरेदीखतांवरून पाहावें. १९४८ सालीं इंग्लंडकडून ‘अकिलीज’ हें जहाज घेऊन त्याचें नांव ‘दिल्ली’ ठेविलें. हें जहाज १९३९ सालीं दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावर ‘ग्राफ स्पे’ या जर्मन जहाजाशीं लढलेलें. १९५७ सालीं ‘नायजेरिया’ येऊन ‘म्हैसूर’ झालें. त्याच वर्षीं ‘हर्क्युलीज’ हें अर्धवट पडलेलें विमानवाहू जहाज विकत घेतलें. दुसरें महायुद्ध संपतांच त्याचें काम इंग्रजांनीं थांबविलें होतें. तें बेलफास्टच्या गोदींत पुरें होऊन १९६१ सालीं ‘विक्रांत’ या नांवानें आपल्या आरमारांत आलें. १९८७ सालीं ‘हर्मीस’चें ‘विराट’ झालें.

या खरेद्यांस आम्ही नांवें ठेवीत नाहीं. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या राष्ट्रास समुद्र राखावयाचा तर कोणाच्या तरी गोदींतून जहाज आणणें भागच होतें. डिसेंबर १९६१ मध्यें गोमंतकाच्या मुक्तीच्या वेळीं ‘दिल्ली’ दीवच्या समुद्रांत आणि ‘म्हैसूर’ अंजदीव बेटापाशीं उभें होतें. १९७१ सालीं ‘विक्रांत’वरून उडालेल्या विमानांनीं चितगांव व कॉक्स बाजार येथें जी कामगिरी केली ती सर्वश्रुत आहे. पण त्याच वेळीं ‘विक्रांत’च्या एका बॉयलरास तडे गेले होते आणि पुऱ्या वेगानें तें चालविणें धोक्याचें झालें होतें, ही गोष्ट तितकी सर्वश्रुत नाहीं. आमच्या खलाशांनीं व यंत्रज्ञांनीं जुन्या लोखंडाची उणीव स्वतःच्या जिवावर उदार होऊन भरून काढिली. त्यांच्या शौर्याची जेवढी स्तुति करावी तेवढी थोडी. परंतु शौर्य ही हिशेबांतली नेहमींची जमेची बाजू धरून जो खरेदी करितो तो शहाणा व्यापारी नव्हे.

आतां ज्या व्यवहारावरून या लेखास नांव दिलें, त्याकडे वळूं. सोविएत संघराज्यानें काळ्या समुद्रावरील निकोलायेव्ह येथें बांधलेलें ‘बाकू’ नांवाचें मोठें जहाज १९८७ सालीं तिकडच्या आरमारांत दाखल झालें. पुढें तें संघराज्य मोडलें; बाकू हें शहर दुसऱ्या देशाची राजधानी झालें; ज्या गोदींत जहाज जन्मलें ती युक्रेनकडे गेली; आणि जहाज तेवढें ‘अॅडमिरल गोर्शकोव्ह’ असें नवें नांव घेऊन रशियाकडे उरलें. १९९४ सालीं त्याच्या बॉयलरखान्यांत स्फोट झाला. रशियाजवळ त्या काळीं तें पोसण्यास पैसा नव्हता. तेव्हां जहाज आम्ही फुकट देतों, तुम्ही फक्त दुरुस्ती व फेरबांधणीचा खर्च द्या, आणि त्यावर बसावयाचीं विमानें आमच्याकडून विकत घ्या, असा प्रस्ताव पुढें आला. जानेवारी २००४ मध्यें सही झाली. दुरुस्तीची रक्कम ९७ कोटि ४० लाख डॉलर ठरली, आणि जहाज २००८ सालीं मिळावयाचें होतें.

जहाज मिळालें १६ नोव्हेंबर २०१३ रोजीं, आणि किंमत गेली सव्वादोनशें कोटि डॉलरांच्या वर. चार आण्यांच्या कोंबडीस बारा आण्यांचा मसाला लागतो, हें आमच्या घरोघरच्या बायकांस ठाऊक असतें. येथें तर कोंबडी फुकट होती.

असें कां झालें, याचीं कारणें गूढ नाहींत. पहिलें कारण असें कीं, जहाज उघडून पुरतें तपासण्यापूर्वीं दुरुस्तीचा आंकडा लिहिला गेला. प्रत्यक्ष काम काढल्यावर पोटांतलें किती सडलें आहे तें दिसूं लागलें. विजेच्या तारांचीच गोष्ट घ्या. ज्या तारा जुन्या चालतील असें धरलें होतें त्या बदलाव्या लागल्या, आणि शेवटीं दोन हजार किलोमीटरांहून अधिक नवी तार त्या जहाजांत घालावी लागली. मुंबईहून दिल्लीस जाणारा लोहमार्गही इतका लांब नाहीं. दुसरें कारण असें कीं, ज्यांनीं जहाज बांधलें त्यांच्या हातांत तें दुरुस्तीस गेलें नाहीं. निकोलायेव्हची गोदी परक्या देशांत राहिली, आणि काम उत्तरेकडे श्वेत समुद्रावरील सेव्हेरोद्विन्स्क येथें, जेथें मुख्यतः पाणबुड्या होतात तेथें, झालें. तिसरें कारण व्यापाऱ्यांस चटकन समजेल. आम्हीं इसार दिला, हप्तेही दिले, आणि माल विकणाऱ्याच्या वखारींत राहिला. माल दुसऱ्याच्या वखारींत आणि पैसा दुसऱ्याच्या तिजोरींत असला म्हणजे भाव कोण ठरवितो, हें सांगणें नको. रशियानें अधिक रक्कम मागितली तेव्हां माघार घेणें अशक्य झालें होतें, आणि २०१० सालीं नवा आंकडा मान्य करावा लागला. इतकें होऊन २०१२ सालीं समुद्रांत परीक्षा घेतली तेव्हां बॉयलरांच्या आंतल्या विटांनीं दगा दिला आणि आणखी एक वर्ष गेलें.

नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं २००९ सालच्या आपल्या अहवालांत या व्यवहारावर कडक ताशेरे ओढले. वेळेवर जहाज मिळावें हा हेतु साधला नाहीं, खर्च चार वर्षांत दुपटीहून अधिक झाला, आणि आयुष्य अर्धें सरलेलें जहाज नव्यापेक्षांही महाग पडणार, असा त्याचा मथितार्थ होता. पण हा अहवाल आला तेव्हां सही होऊन पांच वर्षें उलटलीं होतीं. वैद्यानें रोगाचें निदान बिनचूक केलें, परंतु रोगी दगावल्यावर, असा हा प्रकार झाला. दोष एकट्या रशियाचा आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. विकणारा आपल्या मालाची बाजू राखतो, तो त्याचा धर्मच आहे. घेणाऱ्यानें डोळे उघडे ठेवावे हा त्याचा धर्म. ‘विक्रमादित्य’ हें नांव घेऊन तें जहाज आतां कारवारच्या तळावरून काम करीत आहे, आणि त्यावरील आमचीं माणसें कसोटीस उतरलीं आहेत, हेंही येथें नमूद करणें न्यायाचें होईल.

किंमत थोडी पडली म्हणजे सर्व भागलें असेंही नाहीं. २००७ सालीं अमेरिकेकडून ‘ट्रेंटन’ हें सैन्य वाहून नेणारें जहाज सुमारें पांच कोटि डॉलरांस घेतलें आणि त्याचें ‘जलाश्व’ झालें. आंकडा पाहतां सौदा स्वस्ताईचा. परंतु त्याच्या करारांत, हें जहाज चढाईच्या कामीं वापरण्यावर निर्बंध आणि दिलेल्या सामानाची पाहणी करण्याचा विकणाऱ्या सरकारास अधिकार, अशीं कलमें असल्याचें पुढें महालेखापरीक्षकांनींच उजेडांत आणिलें. घर विकत घेतलें, पण जुना मालक वाटेल तेव्हां येऊन माजघर पाहणार, अशा अटीचें खरेदीखत आमचा एखादा वाचक स्वतःच्या घरासाठीं करील काय?

यावर कोणी म्हणेल कीं, तुमचें म्हणणें पुस्तकी आहे. शत्रु दारांत असतांना नवें जहाज बांधीपर्यंत वाट पाहणारें राष्ट्र बुडतें. जुनें तर जुनें, पण हातांत हत्यार हवें. हा आक्षेप पोकळ नाहीं. आम्ही जुनें जहाज घेऊंच नये असें म्हणत नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हत्यार उसनें आणावयाचें तर त्याबरोबर लोहाराची विद्याही घरांत यावी. ज्या व्यवहारांत ती आली तो महाग पडला तरी फायद्याचा. ज्यांत ती आली नाहीं तो फुकट पडला तरी तोट्याचा. आणि हें केवळ तत्त्वज्ञान नाहीं. मुंबईच्या माझगांव गोदींत इंग्लंडच्या लिअँडर जातीच्या नमुन्यावर ‘निलगिरी’ ही लढाऊ नौका बांधण्यांत आली. ती १९६८ सालीं पाण्यावर उतरली आणि १९७२ सालीं आरमारांत दाखल झाली. तिच्यामागून त्याच गोदींतून आणखी पांच निघाल्या. येथें इंग्लंडाकडून तयार जहाज न घेतां नकाशे घेतले, आणि आमच्या कारागिरांच्या हातांतून तें काम करून घेतलें. पुढचीं मोठीं जहाजें आम्हीं स्वतः आंखलीं तीं या पायावर. त्याचप्रमाणें १९८८ ते १९९१ या तीन वर्षांसाठीं सोविएत संघराज्याकडून एक अणुशक्तीवर चालणारी पाणबुडी भाडेपट्ट्यानें घेतली होती. तिचें नांव ‘चक्र’. मुदत संपल्यावर ती परत गेली, पण तिच्यावर शिकलेलीं माणसें परत गेलीं नाहींत. आणि २००९ सालीं विशाखापट्टणम् येथें ‘अरिहंत’ ही स्वदेशी अणुपाणबुडी पाण्यावर उतरली. भाड्याची वस्तु परत करूनही नफा शिल्लक कसा राहतो, त्याचा हा दाखला आहे.

आणि विद्या घरांत असून ती टिकविली नाहीं म्हणजे काय होतें, याचा दाखला शोधण्यास आम्हां महाराष्ट्रीयांस दूर जावयास नको. फेब्रुवारी १७५६ मध्यें विजयदुर्गाच्या खाडींत तुळाजी आंग्र्याचें आरमार जळालें. आग प्रथम लागली ती ‘रेस्टोरेशन’ नांवाच्या जहाजास. तें मूळचें इंग्रज कंपनीचें. आंग्र्यांनीं तें लढून हस्तगत केलें होतें. त्यावरून ज्वाळा पसरत जाऊन सारें आरमार भस्म झालें. आणि त्या मोहिमेंत पेशव्यांची फौज जमिनीवरून इंग्रजांस साह्य करीत होती. घरच्या भांडणांत समुद्रावरची तटबंदी आपल्याच हातांनीं मोडली. इकडे मुंबईंत सुरतेहून १७३६ सालीं आलेल्या लवजी नसरवानजी वाडियांच्या घराण्यानें इंग्रजांसाठीं एकाहून एक सरस जहाजें बांधलीं. मलबारच्या सागवानाचें ‘ट्रिंकोमाली’ हें जहाज १८१७ सालीं मुंबईंत तयार झालें; तें आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगतें आहे. ज्या ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ सालीं चीनशीं नानकिंगचा तह झाला तेंही मुंबईचेंच. म्हणजे जगांतल्या पहिल्या प्रतीच्या आरमारास आमचा सुतार जहाज पुरवीत होता. मग पुढच्या शतकांत आम्ही जहाजें मागणारे कां झालों? परक्या राज्याचें धोरण हें एक कारण खरेंच. पण तेवढ्यावर हात झटकून मोकळें होतां येत नाहीं. लोखंड आणि वाफ आली तेव्हां सुताराचें ज्ञान सुताराजवळच होतें. तें पुस्तकांत उतरलें नाहीं, कारण पुस्तक लिहिणारा समुद्र ओलांडणें पाप समजत होता आणि रंधा हातीं धरणें हलकें समजत होता. कोळी, खारवी, गाबित, भंडारी यांच्या पिढ्यान् पिढ्यांच्या समुद्रविद्येस आमच्या पाठशाळेंत जागा नव्हती. प्रायश्चित्ताचा तो काळ गेला. पण वृत्ति गेली आहे काय? आजही मुलगा कारखान्यांत वेल्डर झाला तर आईबाप चारचौघांत सांगण्यास संकोचतात, आणि कचेरींत लेखणी घेऊन बसला तर पेढे वांटतात. जहाजाचा सांधा मात्र लेखणीनें जुळत नाहीं.

२ सप्टेंबर २०२२ रोजीं कोचीनच्या गोदींतून नवें ‘विक्रांत’ आरमारांत आलें. सुमारें वीस हजार कोटि रुपये खर्च झाले, बांधणीस बरींच वर्षें लागलीं, आणि विलंबाबद्दल टीकाही झाली. परंतु त्याचें पोलाद बाहेरून मिळण्यास अडचण पडली तेव्हां तें याच देशांत सिद्ध करण्यांत आलें, आणि तें पोलाद करण्याची विद्या आतां कोणीही परत मागूं शकत नाहीं. त्याबरोबर हेंही सांगितलें पाहिजे कीं, त्या जहाजाचीं मुख्य एंजिनें अमेरिकन बनावटीचीं आहेत आणि त्यासाठीं प्रथम आलेलीं लढाऊ विमानें रशियाचीं आहेत. म्हणून नगारे वाजविण्यापेक्षां उरलेलें काम मोजणें अधिक हिताचें.

आतां चित्राची दुसरी बाजू. घेणारा हिंदुस्थान आतां देणाराही झाला आहे. २०२० सालीं ‘सिंधुवीर’ ही मूळची सोविएत पाणबुडी विशाखापट्टणम् येथें दुरुस्त होऊन म्यानमारच्या आरमारास देण्यांत आली. २०२३ सालच्या जुलै महिन्यांत ‘कृपाण’ ही कलकत्त्यास बांधलेली नौका शस्त्रांसह व्हिएतनामास भेट दिली गेली. चिनी आरमाराचा विस्तार पाहतां शेजाऱ्यांस आपल्याशीं जोडून ठेवणें शहाणपणाचें आहे, यांत वाद नाहीं. परंतु म्यानमारास पाणबुडी दिल्यास पुरतें वर्षही झालें नव्हतें तोंच, फेब्रुवारी २०२१ मध्यें, तेथील सेनापतींनीं लोकांनीं निवडलेलें सरकार उलथून टाकिलें आणि रस्त्यावर उतरलेल्या प्रजेवर गोळ्या झाडल्या. पाणबुडीनें रस्त्यावरचीं माणसें मारतां येत नाहींत, हें आम्हांस कळतें. तरीपण दिलेल्या शस्त्राबरोबर देणाऱ्याचें नांवही दुसऱ्याच्या घरांत जातें. ज्या अटी दुसऱ्यानें आम्हांवर घातल्या तर आम्हांस बोंचतात, त्या आम्हीं दुसऱ्यांवर कोणत्या हेतूनें घालाव्या, आणि कोणास काय द्यावें व काय देऊं नये, याचा विचार आधीं व उघडपणें झाला पाहिजे. आम्ही घेतांना मानी आणि देतांना बेफिकीर, असें होऊं नये.

तेव्हां आमची मागणी थोडक्यांत अशी आहे. जुनें जहाज घेण्यापूर्वीं तें आपल्या माणसांनीं आपल्या हातांनीं उघडून तपासावें, आणि ती तपासणी संपेपर्यंत आंकडा लिहूं नये. संरक्षणाचें गुपित राखून जेवढें सांगतां येईल तेवढें लोकसभेच्या सभासदांपुढें सही होण्यापूर्वीं यावें. महालेखापरीक्षकांचा शहाणपणा सहीनंतर पांच वर्षांनीं नको, आधीं हवा. प्रत्येक करारांत आमच्या किती कारागिरांस कोणतें काम शिकविलें जाईल याचें कलम किंमतीच्या कलमाइतक्याच ठळक अक्षरांत असावें. बंदरांच्या गांवीं, रत्नागिरीस, मालवणास, मुंबईच्या गिरणगांवांत, हातांनीं काम करणाऱ्या मुलांसाठीं चांगल्या औद्योगिक शाळा असाव्या, आणि त्यांतून निघालेल्या मुलास समाजांत मान असावा. यांपैकीं पहिल्या तीन गोष्टी सरकारच्या हातच्या आहेत. चवथी पुष्कळ अंशीं आमच्या वाचकांच्या हातची आहे. सधन व्यापाऱ्यांनीं देवळाच्या कळसास सोनें दिलें तसें शाळेच्या यंत्रशाळेस लेथ द्यावें. गृहस्थांनीं मुलीस स्थळ पाहतांना गोदींतल्या कारागिरास कारकुनाच्या खालीं बसवूं नये.

धर्माची गाय वेळप्रसंगीं घ्यावीच लागते, आणि घेण्यांत लाजही नाहीं. पण घेतांना दांत मोजावे, वैरणीचा हिशेब आधीं मांडावा, आणि पुढल्या खेपेस दारांतच कालवड वाढावी अशी तजवीज त्याच दिवशीं करावी. ही तजवीज ज्यानें केली त्यास दुसऱ्याच्या निशाणाखालचें जहाज घेतांना भय बाळगण्याचें कारण नाहीं. ज्यानें केली नाहीं त्यानें फुकट म्हणून मिळालेल्या जहाजाची किंमत पिढ्यान् पिढ्या भरण्यास तयार असावें.